गढूळ पाण्याचा मुक्काम

वळवाची सर ओसरली की शेताच्या खालच्या कोपऱ्यात, गुडघाभर उंचीच्या मातीच्या बांधाला टेकून दुधाळ चहाच्या रंगाचे पाणी साचते. त्यावर काडीकचरा तरंगतो, गेल्या हंगामातली तुरीची पाने, शेणाच्या गोवरीचा एखादा तुकडा, जीव वाचवायला काडीवर चढलेले मुंगळे. वरच्या अंगाने पाणी अजून बारीक धारेने आत येत असते आणि तिचा आवाज लांबवर ऐकू येतो. बांधापाशी मात्र सारे निवांत. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी जरा निवळलेले दिसते. चार दिवसांनी पाणी नसतेच. उरतो तो मऊ, चकाकता गाळ आणि त्यावर उमटलेली टिटवीची पावले. शेतातून पळणारे पाणी घटकाभर थांबवायचे आणि त्याने उचलून आणलेली माती त्याच्याकडून काढून घ्यायची, एवढ्यासाठी हा उथळ खळगा केलेला असतो.

त्याला सगळीकडे चालेल असे एक नाव मराठीत नाही. सोलापूरकडच्या ज्वारीच्या रानात तो वाफा असतो, पुणे-नगरच्या उतारांवर ताल, पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात बोडी. सरकारी कागदावर त्याचे शेततळे होते किंवा माती नालाबांध. आकार बदलतो, खोली बदलते, मालक बदलतो. उताराला आडवी घातलेली मातीची उंच कड आणि तिच्यामागे पाण्याला दिलेली जागा मात्र सगळीकडे तीच.

पाऊस मातीला उचलतो कसा, हे पाहिल्याशिवाय खळग्याचे काम ध्यानात येत नाही. टपोरा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या, नांगरलेल्या ढेकळावर तो पडला की ढेकूळ फुटते, मातीचे कण चहूकडे उडतात आणि जमिनीची बारीक छिद्रे बुजवून टाकतात. काही मिनिटांत वर एक पातळ पापुद्रा धरतो आणि त्यानंतरचे पाणी आत जायचे सोडून उतार शोधू लागते. सुरुवातीला ते चादरीसारखे सगळीकडून सरकते आणि दिसतही नाही. मग बोटभर रुंदीच्या ओघळी पडतात, ओघळींचा ओहोळ होतो आणि काही वर्षांनी त्याच जागी बैल दिसेनासा होईल एवढी घळ तयार होते. घळ दिसते, म्हणून तिची काळजी सगळे करतात. खरी चोरी त्या चादरीची. साल काढल्यासारखी ती दरवर्षी वरचा थर नेते आणि शेतकऱ्याला ते कळते तेव्हा तो म्हणतो, दगडं वर आली. दगड आपल्या जागीच असतात. त्यांच्याभोवतीची माती गेलेली असते.

दख्खनच्या काळ्या जमिनीत या गोष्टीला आणखी एक वळण आहे. उन्हाळ्यात ही जमीन हात आत जाईल इतकी भेगाळते. पहिला पाऊस या भेगांतून थेट खोल उतरतो आणि रान कितीही पाणी पिईल असे वाटते. पण भिजली की ही माती फुगते, भेगा मिटतात आणि मग तिच्यात पाणी अगदी सावकाश जिरते. सप्टेंबरातला परतीचा पाऊस अशा मिटलेल्या जमिनीवर धो धो कोसळला तर त्यातला बराचसा तसाच वाहून जातो. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी; 50 मिलिमीटरची एक जोरदार सर म्हणजे 5 लाख लिटर. वर्षाला पाच-सातशे मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या गावाला अशा दोन-तीन सरी निसटून जाणे परवडत नाही, आणि त्या एकट्या कधीच जात नाहीत.

वाहत्या पाण्याची ताकद त्याच्या वेगात असते. वेग दुप्पट झाला की त्याच पाण्याची ऊर्जा चौपट होते. उलट ते थांबले की हातातले ओझे त्याला खाली ठेवावे लागते, पण सगळे एकदम नाही. ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1851 साली मांडलेल्या नियमाने हिशेब केला तर एक मीटर खोल निश्चल पाण्यात बारीक वाळूचा कण दोनेक मिनिटांत तळाशी जातो. पोयट्याच्या कणाला तीनेक तास लागतात. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणाला मात्र तीन दिवसही पुरत नाहीत. म्हणजे तासभर अडवलेले पाणी वाळू ठेवून जाते, रात्रभर राहिलेले पाणी पोयटा देते आणि चिकणमाती हवी असेल तर पाण्याने मुक्कामच करायला हवा, जमिनीत मुरेपर्यंत. खळग्याची लांबी, रुंदी, खोली, सांडव्याची उंची या सगळ्या मापांमागे खरा प्रश्न वेळेचा असतो.

वाळलेल्या तळावर हा हिशेब उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. पाणी जिथून आत शिरले त्या तोंडाशी जाड रेती आणि खडे पडलेले असतात, पायाला टोचणारे. चार पावले पुढे गेले की माती पिठासारखी होते. अगदी बांधाच्या पायथ्याशी, जिथे पाणी शेवटपर्यंत राहिले, तिथे वर साईसारखा गुळगुळीत थर असतो. उन्हाने तो तडकतो, त्याच्या पंचकोनी-षट्कोनी खपल्या होतात आणि त्यांच्या कडा वर वळतात. एक खपली अलगद उचलून मोडली तर आतून ती पोळीसारखी पदर सुटलेली दिसते. जनावरांच्या खताचा, पानांच्या कुजक्याचा सारा कस या बारीक मातीला चिकटून आलेला असतो. वाहून जाणाऱ्या मातीत सर्वांत मौल्यवान तीच आणि थांबवायला सर्वांत अवघडही तीच.

ही माती जाते तरी किती लांब? 1983 साली ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी भारतातल्या धुपीचा अंदाज मांडला तो दर हेक्टरी वर्षाला 16 टनांहून थोडा अधिक, म्हणजे सगळ्या देशावरून साधारण एक मिलिमीटरचा थर. त्यातली 29 टक्के माती समुद्राला मिळते आणि 10 टक्के धरणांत बसते, असे त्यांचे म्हणणे. उरलेली 61 टक्के नुसती जागा बदलते: या शेतातून त्या शेतात, उतारावरून ओढ्याच्या काठाला. धुपीविषयी वाचताना मन समुद्राकडे जाते, पण बरीचशी माती शिवारातच कुठेतरी रेंगाळत असते. शेताच्या खालच्या कोपऱ्यातल्या खळग्यात तिला गाठणे अशक्य नाही, ही यातली दिलाशाची बाजू.

या कुळातला सर्वांत लहान खळगा ज्वारीच्या रानात दिसतो. सोलापूर भागात रब्बीची जमीन पावसाळाभर मोकळी असते. जुलैच्या सुमारास तिच्यात बळीराम नांगराने किंवा ट्रॅक्टरच्या सारा यंत्राने आडवे-उभे वरंबे घालून बंदिस्त वाफे पाडतात, सहा मीटर लांब-रुंद, उतार कमी असेल तर त्याहून मोठे. एखाद्या टेकाडावरून पाहिले तर सगळे रान बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनांनी भरलेले दिसते. पाऊस पडला की प्रत्येक चौकोन आपल्यापुरते पाणी धरतो. शेजाऱ्याला देत नाही, त्याच्याकडून घेतही नाही. पेरणीच्या वेळी वरंबे मोडले जातात आणि दोन महिन्यांची ही सारी बांधणी नाहीशी होते. त्यानंतर मालदांडी ज्वारी जवळपास पावसाविना, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर पोसते. हुरड्याच्या दिवसांत कणसांनी वाकलेले रान पाहणाऱ्याला तिथे कधीकाळी शेकडो तळी होती, हे सांगूनही खरे वाटत नाही.

तालीचे काम याहून चिवट. दोन टेकड्यांच्या बेचक्यातून येणाऱ्या ओघळीला दगडमातीचा आडवा बांध घालतात आणि दरसाल थोडा थोडा वाढवतात. मागे गाळ साठत जातो, घळ भरून येते आणि जिथे नुसता मुरूम उघडा पडला होता तिथे पाच-दहा वर्षांत बैल फिरवण्याइतके सपाट वावर तयार होते. जैसलमेरकडच्या वाळवंटात खडीन म्हणतात ती याच तत्त्वावर चालते: खडकाळ माळावरचे पाणी लांबलचक मातीच्या बांधामागे अडवायचे, ते मुरले की त्याच तळात गहू-हरभरा पेरायचा. तळे आणि शेत या दोन वेगळ्या जागा आहेत, असे तिथे कोणी मानत नाही.

पूर्व विदर्भाची तऱ्हा वेगळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत पाऊस भरपूर, पण धानाला तो वेळेवर हवा. कोहळी समाजाच्या हातचे जुने मालगुजारी तलाव प्रसिद्ध आहेत. बोडी हे त्यांचे धाकटे भावंड. बांध्यांच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून केलेले हे तळे बहुधा एकाच कुटुंबाचे असते. धान निसवायला आलेला असताना पंधरा दिवस पाऊस दडी मारतो, तेव्हा पाळ थोडी फोडून हे पाणी खाली सोडतात. त्या एका पाण्याने वर्षाचे जेवण वाचते. बोडीत मासे असतात, पाळीवर गवत असते, तळात गाळ असतो आणि यांतले काहीच वाया जात नाही.

अमेरिकेत आयोवासारख्या मक्याच्या राज्यांतही उताराला आडवे असे बुटके बांध घालतात. तिथे बांधामागे भोके पाडलेला एक उभा नळ असतो आणि साचलेले पाणी त्यातून जमिनीखालच्या नळीत उतरून साधारण एका दिवसात निघून जाते, म्हणजे पीक बुडून मरत नाही. त्यांना माती वाचवायची असते आणि पाणी वाटेला लावायचे असते. दख्खनमध्ये दोन्ही हवे असते, त्यामुळे इथल्या बांधाला नळ नसतो.

बांधाची जागा पाणी ठरवते. ती हुडकायला तीन काठ्यांची ए-फ्रेम पुरते: इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट आणि शेंड्यातून लोंबणारा ओळंबा. दोन्ही पाय एका पातळीवर आले की ओळंब्याची दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर येते. असे पाऊल पाऊल पुढे जात फक्कीची पांढरी रेघ ओढतात. सरळ चालायची सवय असलेल्या माणसाला ही रेघ वेडीवाकडी वाटते. पाण्याच्या दृष्टीने मात्र तीच सरळ असते.

मग मेहनतीचे काम. बांधाखालच्या पट्ट्यातले गवत, मुळ्या, काडीकचरा काढून टाकतात, कारण मुळी कुजली की तिच्या जागी पाण्याला वाट होते. मधोमध मुरूम लागेपर्यंत चर खणून त्यात चिकणमाती ठासून भरतात. त्यावर माती वीत-वीत थरांनी चढते. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचे आणि धुम्मसाने चोपायचे. मातीत ओल बेताची आहे का, हे मुठीत कळते: दाबली तर लाडू वळला पाहिजे आणि मूठ उघडल्यावर हात चिकट होता कामा नये. कोरडी माती चोपली तर धूळ होते, फार ओली असेल तर धुम्मसाखाली नुसती हलते. खोदलेला खड्डा आणि बांध यांच्यात हात-दोन हात मोकळी जागा सोडतात, नाहीतर बांध आपल्याच खड्ड्यात ढासळतो. पहिल्या पावसाळ्यात नवी माती बसते, म्हणून उंची दहावा हिस्सा जास्त धरलेली असते. जेसीबीने एका दिवसात ढीग उभा करता येतो, पण न चोपलेला ढीग म्हणजे बांध नव्हे, आणि घाईत केलेल्या कितीतरी कामांत नेमका हा भाग गाळला जातो.

बांधावर हरळी, मारवेल, पवन्या अशी गवते धरू देतात. कुठे घायपाताची रांग असते, कुठे खस. मोठी झाडे बांधावर नकोत. पुढे उंदीर, घुशी आणि खेकडे यांच्याशी गाठ पडते. खालच्या अंगाने पाझर दिसला की जाणता माणूस आधी त्याचा रंग बघतो. पाझर नितळ असेल तर बांध नुसता घामेजला आहे. तो गढूळ असेल तर बांध आतून वाहू लागला आहे आणि वेळ थोडा उरला आहे.

सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र बांधाच्या बाहेर असते. मातीचा बांध पाण्याचा दाब सोसतो, पण स्वतःच्या डोक्यावरून पाणी गेलेले सोसत नाही. माथ्यावरून बोटभर धार सुरू झाली की ती आपली वाट कोरत जाते आणि बघता बघता तळापर्यंत चीर पडते. त्यासाठी एका टोकाला, पक्क्या मुरमात, रुंद आणि सपाट सांडवा ठेवतात. माथ्यापेक्षा हात-दीड हात खाली. जास्तीचे पाणी तिथून पसरून, वेग न घेता निघून जावे, अशी त्याची रचना. सांडवा म्हणजे वाया जाणारे पाणी, असे वाटून त्यात चार दगड किंवा वाळूच्या गोण्या रचण्याचा मोह फार जणांना होतो. भाद्रपदापर्यंत तो मोह पचतोही. एखाद्या रात्री ढग फुटतो, बांध जातो आणि त्याच्या पाण्याने खालचा बांध जातो, त्याच्याने त्याच्या खालचा. काम माथ्यापासून पायथ्याकडे करत यावे, या शहाणपणामागे असा अनुभव आहे. वरचे उतार पाणी धरू लागले की खालच्या बांधाच्या वाट्याला येणारा लोंढा मुळातच लहान होतो.

भारी काळ्या जमिनीत समपातळीवरचे बांध उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात त्यांच्यामागे पाणी तुंबून रान चिबड होते. तिथे पाण्याला हलकेच बाजूला नेणारे ढाळीचे बांध घालावे लागतात. हे बऱ्याच फुटलेल्या बांधांनी शिकवले.

मराठीत बांध या शब्दाला दुहेरी अर्थ आहे आणि बरेचसे रामायण तिथूनच सुरू होते. बांध पाणी अडवतो आणि बांध हद्दही सांगतो. बांध कोरणे हा वाक्प्रचार पाण्याशी नाही, भाऊबंदकीशी जोडलेला आहे: नांगराचे एक तास शेजाऱ्याच्या बाजूने सरकवायचे, दरसाल वीतभर. बापाने घातलेला चार हात रुंदीचा बांध नातवापर्यंत हातभर उरतो आणि पहिल्या मोठ्या पावसात दोघांचीही माती घेऊन जातो. वाटण्या होतात त्या उताराच्या दिशेने, लांबच लांब पट्ट्यांनी, म्हणजे प्रत्येकाला वरची हलकी आणि खालची भारी जमीन सारखी मिळावी. समपातळीची रेघ या सगळ्या पट्ट्यांना आडवी छेदून जाते. तिला सातबारा ठाऊक नसतो. खळगा एकाच्या गुंठ्यात येतो आणि त्याचा लाभ खालच्या विहिरीला होतो. माती चोपण्याइतकेच हे मन वळवणेही बांधकामाचा भाग आहे, किंबहुना जास्त वेळ त्यालाच लागतो.

ही समज नवी नाही. जोतीराव फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ताली आणि बंधारे घालण्याचे काम सरकारने रिकाम्या वेळी फौजेकडून आणि पोलिसांकडून करून घ्यावे, पावसाचे पाणी शेतात मुरून मगच नदीला मिळावे, असे सुचवले होते. मुंबई इलाख्यात 1942 साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीला सरकारी चौकट मिळाली. 1972च्या दुष्काळात लाखो हातांनी खडी फोडली, पाझर तलाव आणि नालाबांध घातले. त्या पिढीला माती वाहून न्यायची पाटी हीच दुष्काळाची आठवण. त्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची सुमारे 40 एकर उताराची पडीक जमीन घेतली, तिच्यावर बांध घातले, पायथ्याशी पाणी अडवले आणि त्यातून पाणी पंचायतीचा विचार उभा राहिला.

2016 साली मागेल त्याला शेततळे ही योजना आली आणि शेततळे हा शब्द घरोघर पोचला. 30 बाय 30 मीटर, तीन मीटर खोल असे तळे 2196 घनमीटर म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी धरते. त्याच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी छोटा खड्डा, आत यायची वाट आणि बाहेर जायची वाट असेल तर ते उतारावरचे पाणी आणि माती दोन्ही सांभाळते. पण पुष्कळ तळी उंच भराव घालून, काळे प्लास्टिक अंथरून, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरली जातात. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा त्यांनी उन्हाळ्यात तगल्या, हे खरे. तरीही ओघळीशी नाते नसलेली ही टाकी आहे. जमिनीच्या पोटातले पाणी उपसून ते उन्हात मांडणे आणि पळते पाणी जमिनीत घालणे, या दोन उलट्या गोष्टींना एकच नाव पडले, याची खंत वाटते.

खरा खळगा गाळाने भरतो. तो भरणारच, भरण्यासाठीच तर केला. चैत्र-वैशाखात पाणी आटले की गाळ उपसून रानात टाकायचा असतो. 2017 पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत हेच मोठ्या तलावांवर होऊ लागले, पण शेतातल्या खळग्याला योजना लागत नाही. टिकाव, पाटी आणि दोन माणसे पुरतात. हलक्या, मुरमाड रानात बोटभर गाळ पसरला तरी पुढच्या हंगामात पिकाचा रंग बदलतो.

उपसताना खळग्याची एक बाजू उभी कापली जाते आणि थर दिसतात. एखाद्या वर्षाचा थर वीतभर जाड, रेताड, मध्ये तुरीची न कुजलेली काटकी. त्याच्यावर नखाएवढा पातळ, गडद, चिकण थर. त्या वर्षी पाऊस एवढाच झाला होता. उपसणारी म्हातारी माणसे टिकाव टेकवून बोटाने वर्षे मोजतात. तळाशी गेल्यावर त्यांच्यात मतभेद होतात. थोरली विहीर आटली होती तो थर हा की त्याच्या खालचा, यावर दोघे अडून बसतात, तोवर पाटी भरलेली असते आणि ते वर्ष बांधापलीकडच्या रानात पसरायला निघालेले असते.